एका उदाहरणाला किती वेळ द्यावा?

अभियांत्रिकी आणि औषधनिर्माणशास्त्र यांच्या अभ्यासक्रमांना प्रवेश मिळावा म्हणून महाराष्ट्रातील लाखो विद्यार्थी दरसाल ज्या सामायिक प्रवेश परीक्षेला बसतात, तिच्या एका पत्रिकेत भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे मिळून १०० प्रश्न असतात व त्यांसाठी ९० मिनिटे दिलेली असतात. अर्थात प्रश्न वाचणे, त्यात वर्णिलेली वस्तुस्थिती मनश्चक्षूंपुढे उभी करणे, तिला लागू पडणारा नियम निवडणे, आकडेमोड करणे आणि चार पर्यायांपैकी एकावर खूण करणे, एवढ्या साऱ्या व्यापारासाठी प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला पुरते एक मिनिटही येत नाही. जवळपास त्याच वयाच्या मुलांसाठी भरणाऱ्या, आणि २०१५ साली मुंबईत भरलेल्या, आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडच्या तात्त्विक पत्रिकेत मात्र प्रश्न अवघे तीन असतात आणि त्यांसाठी पाच तासांचा अवधी असतो.

या दोहोंपैकी एक परीक्षा योग्य आणि दुसरी अयोग्य, असा निवाडा देण्याचा माझा हेतू नाही. लाखो उमेदवारांचा क्रम लावणे आणि निवडक मुलांची कसून पारख करणे ही मुळातच दोन भिन्न कामे आहेत. परंतु पहिल्या परीक्षेची घाई परीक्षेच्या दालनापुरती मर्यादित न राहता अकरावी-बारावीच्या वर्गांत, खाजगी शिकवण्यांत, किंबहुना नववी-दहावीच्या पाठांतही कायमचे ठाण मांडून बसली आहे, आणि बल, घर्षण, ध्वनी यांसारख्या अगदी आरंभीच्या प्रकरणांतील उदाहरणे सोडवण्याच्या क्रियेचे स्वरूपच तिने पालटून टाकले आहे, ही गोष्ट मला अत्यंत चिंतेची वाटते. आजचा विद्यार्थी उदाहरणे पुष्कळ सोडवतो; एक उदाहरण शेवटपर्यंत, म्हणजे त्याच्या उत्तराचा अर्थ लागून ते उत्तर संभवनीय आहे की नाही याची खातरजमा होईपर्यंत, सोडवण्याची सवड मात्र त्याला क्वचितच दिली जाते. ही सवड त्याला मिळाली पाहिजे आणि तिच्यासाठी महाविद्यालयांनी व परीक्षा मंडळाने आपल्या व्यवस्थेत जाणीवपूर्वक जागा केली पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. जमिनीवर १० किलोग्रॅम वस्तुमानाची एक पेटी आहे. पेटी आणि जमीन यांमधील स्थितिक घर्षण गुणांक ०.५ आणि गतिक घर्षण गुणांक ०.४ आहे, पेटीला आडव्या दिशेने २० न्यूटन बलाने ढकलले, तर तिच्यावरील घर्षणबल किती? ज्याला सूत्र मुखोद्गत आहे असा विद्यार्थी, गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरून, पेटीचे वजन १०० न्यूटन, जमिनीची लंब प्रतिक्रियाही तितकीच, तिला ०.५ ने गुणले की ५० न्यूटन, असे उत्तर काही क्षणांत काढतो. मग पेटीचे त्वरण किती, असे त्याला पुढे विचारावे, तर तो २० मधून ५० वजा करतो, १० ने भागतो, आणि उणे ३ असे लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या उत्तराचा सरळ अर्थ असा की, आपण पेटीला ढकलू लागताच ती उलट फिरून आपल्याच अंगावर, आणि तीही वाढत्या वेगाने, चालून येते! असे दृश्य या विद्यार्थ्याने जन्मात पाहिलेले नाही; घरातले कपाट किंवा धान्याची कोठी सरकवताना त्याने नेमके याच्या उलट अनुभवलेले आहे. तरीही कागदावरच्या उत्तराला तो अनुभव साक्षीला बोलवावा असे त्याला वाटत नाही, कारण कागदावरची पेटी आणि घरातली पेटी या दोन निराळ्या सृष्टीतील वस्तू होत अशी समजूत त्याच्या शिक्षणानेच करून दिलेली असते.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर २० न्यूटन आहे. ५० न्यूटन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा होय. पेटी स्थिर असेतोवर घर्षण तितकेच बल लावते जितके तिला स्थिर ठेवण्यास आवश्यक असते, लवमात्र अधिक नाही. आपण ५ न्यूटनने ढकलले तर ते ५, ३० ने ढकलले तर ३०. आणि ढकलण्याचे बल ५० च्या पलीकडे गेले की मगच पेटी सुटते, घर्षण ४० वर उतरते, आणि ६० न्यूटनने ढकलणाऱ्याला पेटीचे त्वरण दर सेकंदास दर सेकंदाला २ मीटर इतके मिळते. म्हणून घर्षणाच्या उदाहरणात सूत्राला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: वस्तू हलते की हलत नाही? ते ठाऊक नसेल तर प्रथम ती स्थिर आहे असे गृहीत धरावे, त्या गृहीतकावर घर्षण किती लागेल ते काढावे, आणि ते मर्यादेच्या आत बसते की नाही हे पाहावे. बसत नसेल तर गृहीतक सोडून द्यावे आणि नव्याने मांडणी करावी. गृहीत धरणे, पडताळणे, सोडून देणे, ही शास्त्रीय विचाराची संपूर्ण रीत या एवढ्याशा पेटीत सामावलेली आहे, आणि ती पंचेचाळीस-पन्नास सेकंदांत शिकवता येत नाही.

घर्षणाचे नियम शोधणाऱ्यांनीही ते असे झटपट शोधलेले नव्हते. घर्षणबल हे भाराच्या प्रमाणात वाढते आणि एकमेकांवर टेकलेल्या पृष्ठभागांच्या दृश्य क्षेत्रफळावर अवलंबून नसते, ही गोष्ट लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणवह्यांत पंधराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवली होती. त्या वह्या अप्रकाशित राहिल्यामुळे १६९९ साली गियोम आमोंताँ याला ती नव्याने शोधावी लागली. आणि पुढे विद्युत्‌बलाच्या नियमासाठी विख्यात झालेल्या कूलोम याने, फ्रेंच सैन्यात अभियंता असताना, लाकूड व धातू यांवर वजने लादून, ती किती काळ टेकून ठेवली होती याचीसुद्धा नोंद ठेवून, केलेल्या प्रयोगांच्या निबंधाला १७८१ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. वीट आडवी ठेवली काय किंवा उभी ठेवली काय, तिला सरकवण्यास लागणारे बल सारखेच, हे विधान आपल्या विद्यार्थ्याला प्रथमदर्शनी खोटे वाटले पाहिजे. ते खोटे वाटण्याइतका विचार त्याने केला, तरच त्यामागील कारण, म्हणजे दोन पृष्ठभाग वस्तुतः सूक्ष्म उंचवट्यांच्या मोजक्या ठिकाणीच एकमेकांना भिडलेले असतात आणि ते खरे संपर्कक्षेत्र भाराबरोबर वाढते, हे १९५० साली बाउडन आणि टेबर यांनी आपल्या ग्रंथात मांडलेले विवेचन, ऐकण्याची त्याची उत्सुकता जागी होईल.

घर्षणाच्या दिशेविषयीही असेच. 'घर्षण गतीला विरोध करते' हे वाक्य मुले पाठ करतात आणि त्याच वाक्यापायी चुकतात. एस.टी. फलाटावरून सुटताना तिच्या तळावर ठेवलेली पिशवी गाडीबरोबर पुढे जाते, ती तिच्यावर लागणाऱ्या घर्षणामुळेच, आणि ते घर्षण पिशवीच्या गतीच्याच दिशेने असते. आपण चालतो तेव्हा पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमिनीचे घर्षण आपल्याला पुढे ढकलते. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभागांच्या परस्परसापेक्ष सरकण्याला. एका शब्दाच्या भरीने नियम दुरुस्त होतो खरा, पण तो शब्द कोठून आला हे समजण्यासाठी पिशवीचे आणि पावलाचे चित्र स्वतः काढून, त्यावर बाणाचे टोक कोणीकडे असावे याविषयी क्षणभर स्वतःशी वाद घालावा लागतो.

हा दोष केवळ आपल्याकडचाच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास असे आढळून आले की, आकडेमोडीची अवघड उदाहरणे बिनचूक सोडवणारे त्यांचे विद्यार्थी, जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाल्यास कोण कोणावर अधिक बल लावते, अशा साध्या शाब्दिक प्रश्नापाशी अडखळतात; आणि अशी चाचणी देताना एका विद्यार्थ्याने तर त्यांना असे विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची, की मला स्वतःला वाटते त्याप्रमाणे? न्यूटनचा तिसरा नियम त्या विद्यार्थ्याला ठाऊक होता. तो त्याने आपल्या नित्याच्या विचारांत उतरवून घेतलेला नव्हता.

एक उदाहरण सावकाश सोडवल्याने काय साधते, हे दाखवण्यासाठी मी आपल्या परिचयाचाच एक देखावा घेतो. मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वडापावासाठी खाली उतरतात, आणि त्याच अवधीत कित्येक गाड्यांना मागच्या बाजूने आणखी इंजिने जोडली जातात. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. १८६३ साली वाहतुकीस खुला झालेल्या या बोरघाटातील लोहमार्गाचा कमाल चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर चालले की १ मीटर वर चढायचे. रस्त्याने जाणाऱ्याला हा चढ नगण्य वाटेल. आगगाडीला तो का जड जातो, आणि ती इंजिने पुढे न लावता मागे का लावतात, हा माझा प्रश्न.

समजा, डब्यांचे मिळून वस्तुमान १,००० टन आहे, प्रत्येक इंजिन १२० टनांचे आहे आणि गाडी एकसमान वेगाने चढते आहे. वेग एकसमान, म्हणजे त्वरण शून्य, म्हणजे गाडीवरील सर्व बलांची बेरीज शून्य. येथे बलांचा जमाखर्च तंतोतंत जुळलाच पाहिजे. चढावर वजनाचा ३७ वा भाग गाडीला मागे खेचतो. एकच इंजिन असेल तर एकूण १,१२० टनांचा ३७ वा भाग, म्हणजे सुमारे ३० टनांचे वजन. इतक्या बलाने इंजिनाला गाडी ओढली पाहिजे. हे बल त्याला देते कोण? यंत्रातील शक्ती चाके फिरवते हे खरे, परंतु गाडीला पुढे ढकलणारे बाह्य बल म्हणजे रुळाने चाकावर लावलेले घर्षण, आणि या घर्षणाला मर्यादा आहे. कोरड्या रुळावर पोलादाचा पोलादाशी घर्षण गुणांक सुमारे ०.३ धरला, तर १२० टनांच्या इंजिनाला जास्तीत जास्त ३६ टन मिळतात, आणि चढ कसाबसा पार पडतो. पण आषाढात घाटात धारा लागलेल्या असतात. ओल्या रुळावर तोच गुणांक ०.१५ वर आला की हाती केवळ १८ टन उरतात आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची सोय इंजिनाला का केलेली असते, याचा उलगडा येथेच होतो. मागे दोन बँकर लावले, तर एकूण वस्तुमान १,३६० टन होऊन गरज सुमारे ३७ टनांची होते आणि तीन इंजिनांची मर्यादा ओल्या रुळावरही ५४ टनांपर्यंत जाते. चाकांच्या व धुऱ्यांच्या रोधासाठी काही भर घालावी लागेल, परंतु पुरेशी शिल्लक आहे.

इथवर येऊन बहुतेक जण थांबतील. खरी मौज पुढे आहे. तिन्ही इंजिने सारखाच भार उचलतात असे मानू. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १२ टन २५० किलो आले. त्यांतील सुमारे ३ टन २४० किलो त्याचे त्याला स्वतःलाच चढवण्यात खर्च झाले. डब्यांसाठी उरले सुमारे ९ टन. म्हणजे पुढचे इंजिन डब्यांना ९ टनांनी ओढते, मागची दोन मिळून १८ टनांनी ढकलतात, आणि बेरीज २७ टन, म्हणजे १,००० टनांचा ३७ वा भाग, बरोबर जुळते. आता डब्यांच्या मालिकेत कोठेही, मनातल्या मनात, एक रेघ मारावी आणि रेघेच्या पुढील भाग हीच आपली वस्तू असे ठरवावे. पुढून एकतृतीयांश अंतरावर रेघ मारली, तर तिच्या पुढचे डबे चढवण्यास नेमके ९ टन लागतात आणि ते पुढच्या इंजिनाकडून मिळतातच; मग त्या ठिकाणच्या कपलिंगवर ताणही नाही आणि दाबही नाही! त्याच्या पुढचे सारे डबे ओढले जात आहेत, मागचे सारे डबे ढकलले जात आहेत, आणि २७ टनांचा जो ताण पहिल्या कपलिंगवर एकट्याने पडला असता, तो ९ टनांवर आला आहे. इंजिने मागे का लावतात, याचे एक मोठे कारण हे. चाकांचा रोध दर टनामागे सारखा धरला, तर तो जमेस घेतल्यावरही ती एकतृतीयांशाची जागा हलत नाही. का हलत नाही, हे वाचकांतील एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावे.

या उदाहरणात अकरावीच्या पुस्तकाबाहेरचे एकही सूत्र आलेले नाही. आले ते इतकेच, की कोणती वस्तू विचारात घ्यायची तिची हद्द प्रथम ठरवली, हद्दीबाहेरून तिच्यावर कोण कोण बल लावतो याची यादी केली, आणि ती हद्द गरजेप्रमाणे पुनःपुन्हा बदलली. संपूर्ण गाडी ही वस्तू धरली की कपलिंगमधील बले हिशेबातून बाहेर जातात, आणि एक डबा धरला की तीच हिशेबात येतात, ही गोष्ट ज्याला एकदा उमजली त्याला पुढे दोऱ्या, कप्प्या आणि एकावर एक ठेवलेले ठोकळे यांची उदाहरणे निराळी शिकवावी लागत नाहीत. याच्या उलट, ज्याने ठोकळ्यांच्या उदाहरणांचे दहा प्रकार दहा युक्त्यांनी घोकलेले आहेत, तो अकरावा प्रकार समोर येताच हतबुद्ध होतो. आणि त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नसतो.

ध्वनीच्या प्रकरणाची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे बहुतेक उदाहरणे वेग, वारंवारता आणि तरंगलांबी यांच्या एकाच संबंधावर बेतलेली असतात, आणि प्रतिध्वनीच्या उदाहरणात जाण्या-येण्याचे अंतर दुप्पट धरायचे एवढे ध्यानात ठेवले की काम भागते. परंतु याच प्रकरणात एक असा इतिहास दडलेला आहे, जो प्रत्येक वर्गात सविस्तर सांगितला जावा असे मला मनापासून वाटते. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात हवेचा दाब आणि घनता यांवरून ध्वनीचा वेग गणिताने काढण्याची रीत दिली. आजच्या परिमाणांत बोलायचे, तर शून्य अंश सेल्सियसला हवेचा दाब १,०१,३०० पास्कल आणि घनता दर घनमीटरला १.२९ किलोग्रॅम, पहिल्याला दुसऱ्याने भागून वर्गमूळ काढले की दर सेकंदास २८० मीटर मिळतात. प्रत्यक्षात मात्र या तापमानाला ध्वनी सेकंदात ३३१ मीटर जातो. ही तफावत न्यूटनलाही दिसली होती. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे गणित सेकंदास ९७९ फूट सांगत होते, आणि विल्यम डेरहॅम या धर्मोपदेशकाने दूरवर उडवलेल्या तोफांच्या व बंदुकांच्या बारांवरून केलेले मोजमाप १,१४२ फूट सांगत होते. तेव्हा हवेच्या घन कणांतून ध्वनी तत्क्षणी पार होतो, सबब तेवढे अंतर वेगात मिळवावे, आणि हवेत मिसळलेली वाफ कंपनात भाग घेत नाही, सबब आणखी काही मिळवावे, अशी कारणे योजून न्यूटनने आपले उत्तर १,१४२ वर आणून ठेवले.

जे उत्तर आधीच माहीत आहे त्यापर्यंत पोहोचण्यासाठी मांडणीत भर घालत जाण्याचा हा मोह इतक्या थोर पुरुषालाही आवरला नाही, ही गोष्ट मी त्याचा उणेपणा दाखवण्यासाठी सांगत नाही. पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळत नाही असे दिसताच कोठेतरी दोनाने भागणारा किंवा एखादे चिन्ह फिरवणारा विद्यार्थी कोणत्या मोहात सापडलेला असतो, हे शिक्षकाने ओळखावे म्हणून सांगतो. तफावतीचे खरे कारण १८१६ साली लाप्लासने दिले: ध्वनीच्या तरंगात हवा इतक्या त्वरेने दाबली आणि सैल केली जाते की, दाबल्याने उत्पन्न झालेली उष्णता बाहेर निसटण्यास अवसरच मिळत नाही, म्हणून तापमान स्थिर राहते हे न्यूटनने धरून चाललेले गृहीतकच तेथे लागू पडत नाही. दाबाला १.४ ने गुणावे, म्हणजे वेगाला १.४ च्या वर्गमूळाने, अर्थात १.१८ ने, गुणावे. २८० चे ३३१ होतात. न्यूटनची आकडेमोड निर्दोष होती आणि चूक होती ती न उच्चारलेल्या गृहीतकात, जे सापडण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्या विद्यार्थ्याला आपली गृहीतके उत्तरपत्रिकेत स्वच्छ शब्दांत लिहून काढण्याची सवय लावली जाते, त्याला अशी चूक शोधायची कोठे हे निदान ठाऊक असते. ज्याला केवळ पर्यायावर खूण करायची आहे, त्याला गृहीतके लिहिण्याचा प्रसंगच येत नाही.

घर्षण आणि ध्वनी ही प्रकरणे पुस्तकात एकमेकांपासून पुष्कळ दूर छापलेली असली, तरी सारंगी किंवा व्हायोलिन यांच्या तारेवर ती एकत्र येतात. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. त्यांचे तारेशी असलेले स्थितिक घर्षण तारेला आपल्याबरोबर ओढत नेते, ताण मर्यादेबाहेर गेला की तार सुटते, सुटलेल्या तारेवर गतिक घर्षण कमी असल्यामुळे ती वेगाने मागे येते, आणि पुन्हा पकडली जाते. तारेच्या मूळ स्वराची वारंवारता ४४० असेल तर हा प्रकार सेकंदात ४४० वेळा घडतो. आरंभी ज्या पेटीचे घर्षण सुटताक्षणी ५० वरून ४० वर उतरले, तिच्या ठायी हीच घटना होती. या गजाच्या वादनाचा यांत्रिक सिद्धान्त चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ च्या आपल्या प्रबंधात मांडला. ते १९०७ साली कलकत्त्यास वित्त खात्यात सहायक महालेखापाल म्हणून रुजू झाले होते आणि १९१७ मध्ये ती सरकारी नोकरी सोडीपर्यंत कचेरीची वेळ वगळून उरलेल्या सकाळ-संध्याकाळी 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेत प्रयोग करीत. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात (पहिलाच सुमारे १.५९ पट असतो), आणि तरीही आपला तबला व मृदंग सुरेल का वाजतात, याचे उत्तर मध्यभागी चढवलेल्या शाईच्या वजनात आहे, हेही त्यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' पत्रिकेत दाखवून दिले. मैफलीत बसणाऱ्या कोणालाही विचारता आला असता असा हा प्रश्न होता.

माझ्या या प्रतिपादनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप मी हलका मानीत नाही. लाखो उमेदवारांच्या उत्तरपत्रिका, कोणाचाही पक्षपात न होता आणि थोड्या मुदतीत, तपासायच्या असतील तर बहुपर्यायी प्रश्नांवाचून गत्यंतर नाही. यंत्राने तपासलेल्या उत्तरपत्रिकेत उमेदवाराचे हस्ताक्षर, भाषा किंवा गाव यांचा प्रभाव पडत नाही. आणि गडचिरोली वा नंदुरबारच्या मुलाला शहरातील मुलाच्या बरोबरीने मोजणारी ती एक व्यवस्था आहे, हे निखालस खरे आहे. माझे म्हणणे प्रवेश परीक्षा मोडीत काढावी असे नाहीच. परंतु वर्षभराचे अध्यापन त्या दीड तासाची रंगीत तालीम असावे, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. शिवाय झटपट युक्त्यांचा बाजार जेथे भरतो तेथे पैसा असलेलाच मुलगा पुढे जातो. एक प्रश्न पुरता विचार करून सोडवण्याला मात्र कागद, पेन्सिल आणि एक सजग शिक्षक यांपलीकडे काही लागत नाही, आणि तो शिक्षक तालुक्याच्या गावीही असू शकतो. सावकाश विचार करायला शिकलेला विद्यार्थी त्वरेच्या परीक्षेत मागे पडेल ही भीतीही मला निराधार वाटते, कारण ज्याला बलांची आकृती मनात तत्काळ दिसते त्याचा वेळ सूत्रांच्या शोधात जात नाही.

राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या लेखी पत्रिकेला ७० गुण आणि तीन तास आहेत. त्यांपैकी आठ-दहा गुणांचा एकच प्रश्न असा असावा, की ज्यात कर्जतच्या गाडीसारखी एखादी परिस्थिती शब्दांत वर्णिलेली असेल, सूत्र सुचवलेले नसेल, काही आवश्यक आकडे मुद्दाम दिलेले नसतील आणि ते काय धरावेत हे विद्यार्थ्याने कारणासह सांगावे अशी अपेक्षा असेल. गुणांची विभागणी करताना निम्मे गुण आकृती, गृहीतके आणि उत्तराची शहानिशा यांना द्यावेत. आकडेमोडीतील एकच चूक पुढे पसरत गेली असेल तर तिचा दंड एकदाच आकारावा. आणि 'हे उत्तर संभवत नाही, पण चूक मला सापडली नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला, तसेच उत्तर निमूटपणे सोडून देणाऱ्यापेक्षा, अधिक गुण मिळावेत. महाविद्यालयांनी आठवड्यातील एक तासिका एकाच उदाहरणासाठी राखून ठेवावी, आणि प्रयोगशाळेत अनुनाद नळीवरून ध्वनीचा वेग किंवा उतरत्या फळीवरून घर्षण गुणांक काढला जातो तेव्हा तोच प्रयोग वर्गातल्या उदाहरणाला जोडून घ्यावा. फळीचा कोन हळूहळू वाढवीत ठोकळा सरकू लागतो त्या क्षणी कोनाची स्पर्शज्या हाच घर्षण गुणांक, हे वहीत सिद्ध करणे आणि फळीवर पाहणे ही कामे एकाच आठवड्यात झाली पाहिजेत.

यासाठी परीक्षकांना अधिक वेळ लागेल, हे उघड आहे. विद्यार्थ्याने लिहिलेली कारणपरंपरा वाचून तिला गुण देणे हे छापील उत्तराशी आकडा ताडून पाहण्यापेक्षा कितीतरी अधिक श्रमाचे काम आहे. एका परीक्षकाकडे सोपवल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांची संख्या त्या मानाने कमी करावी लागेल, मानधन वाढवावे लागेल, आणि एकाच उत्तराला दोन परीक्षकांनी फार भिन्न गुण देऊ नयेत म्हणून नमुना उत्तरांवर त्यांची आगाऊ बैठक घ्यावी लागेल. हा खर्च मंडळाने आपल्या पुढील अंदाजपत्रकात धरावा.